फोटो फिका, धुरकट किंवा गच्च काळा येतोय? आधी काळं आणि पांढरं टोक तपासा

लक्षणं आधी. यातलं एखादं जरी तुमच्या फोटोला लागू पडलं, तरी पुढचं वाचा.

- स्क्रीनवर फोटो छान उजळ, पण लॅबमधून प्रिंट आली की काळवंडलेली. केसांची एकही बट वेगळी दिसत नाही, साडीच्या निऱ्या एकमेकींत मिसळलेल्या.
- फोटोवर राखाडी पडदा ओढल्यासारखा. काळ्या वस्तू राखेच्या रंगाच्या, पांढऱ्या वस्तू मळकट.
- पांढरे कपडे कोऱ्या कागदासारखे सपाट. शिवण, चुणी, घडी काहीच शिल्लक नाही.
- काळी घोंगडी, काळा कोट म्हणजे डांबर ओतल्यासारखा एकच डाग.
- आकाशात छटा सरकत जाण्याऐवजी पायऱ्या पडलेल्या.
- ‘ऑटो’चं बटण दाबलं, उठाव आला, पण पहाटेचं केशरी ऊन दुपारसारखं पांढरं झालं.
- लॅपटॉपवर एक दिसतं, फोनवर दुसरं, टीव्हीला जोडलं की तिसरंच.

मी एका प्रिंटिंग लॅबमध्ये एडिटिंगच्या टेबलावर काम करतो. आषाढी झाली की वारीचे फोटो येतात, तुळशीचं लग्न लागलं की लग्नांचे अल्बम सुरू होतात, आणि दरवर्षी याच सात तक्रारी येतात. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात दोष नसतो. फोटोतलं सर्वांत गडद काय आणि सर्वांत उजळ काय, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं, किंवा ते सॉफ्टवेअरवर सोडून दिलेलं असतं.

मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. जेपेग फोटोत लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाच्या थराला, म्हणजे चॅनेलला, ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. ० म्हणजे निव्वळ काळं, २५५ म्हणजे निव्वळ पांढरं. फोटोतली कोणती छटा काळ्या टोकाला बसवायची, तो ब्लॅक पॉइंट. कोणती पांढऱ्या टोकाला बसवायची, तो व्हाइट पॉइंट. यांच्या मधली सगळी छटांची शिडी. टोकं हलली की मधली प्रत्येक पायरी हलते, म्हणून चेहरा नीट दिसत नाही अशी तक्रार असली तरी मी आधी टोकं बघतो, चेहऱ्याकडे नंतर वळतो.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, खर्चाच्या शेवटी. मधली एखादी गाळून पुढं जाऊ नका. स्क्रीनच चुकीची असेल तर नंतरची सगळी मेहनत चुकीच्या दिशेनं होते.

१. प्रिंट खिडकीपाशी न्या

प्रिंट काळी आली म्हणणाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगतो. संध्याकाळी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पाहिलेली प्रिंट काळीच दिसणार. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्याच्यावर पडेल तेवढाच तो परत देतो. दिवसा, खिडकीशेजारी, थेट ऊन टाळून बघा. छपाईच्या क्षेत्रात प्रिंट तपासायला ५००० केल्विनचा प्रमाणित उजेड वापरतात. घरी खिडकीवर काम भागतं. तिथं प्रिंट चांगली दिसली तर फाइलला हात लावू नका.

२. स्क्रीन खोटं बोलतेय का?

आधी नाइट लाइट, डोळ्यांना आराम देणारा मोड, आपोआप कमी-जास्त होणारा ब्राइटनेस आणि मॉनिटरच्या मेनूतला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हे सगळं बंद करा. हे चालू असताना स्क्रीन तुमच्या नकळत काळं-पांढरं सरकवत असते.

मग ब्राइटनेस. प्रिंटसाठी एडिटिंग करताना स्क्रीन साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर एवढीच उजळ ठेवतात. दुकानातून आणलेला मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर याच्या दुप्पट-तिप्पट उजळ असू शकतो. अशा स्क्रीनवर शॅडोतला, म्हणजे गडद भागातला, प्रत्येक धागा दिसतो, फोटो पुरेसा उजळ वाटतो, तुम्ही तो तसाच पाठवता आणि प्रिंट काळी येते. पहिल्या क्रमांकाच्या तक्रारीचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

मोजायचं यंत्र नसेल तर एक जुनी रीत आहे. स्क्रीनवर कोरी पांढरी खिडकी उघडा आणि शेजारी खोलीतल्या उजेडात कोरा पांढरा कागद धरा. स्क्रीन दिव्यासारखी झगझगत असेल तर ती कागदाएवढी होईपर्यंत ब्राइटनेस उतरवा. पहिले दोन दिवस सगळं अंधारलेलं वाटेल, मग डोळा सरावतो.

मॉनिटर एचडीएमआय केबलनं जोडला असेल तर ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट ‘फुल’ आहे की ‘लिमिटेड’ ते बघा. व्हिडिओच्या जगात काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर धरण्याची पद्धत आहे. कार्ड तसा सिग्नल पाठवत असेल आणि मॉनिटर पूर्ण ० ते २५५ ची वाट बघत असेल, तर काळं राखाडी दिसतं आणि सगळ्या फोटोंवर धुरकट पडदा येतो. उलट झालं तर शॅडो गच्च होतात. टीव्हीवर तिसरंच दिसण्यामागं बहुधा हेच असतं.

शेवटी ही चाचणी करा. काळ्या पार्श्वभूमीवर ५, १०, १५, २० या मूल्यांचे चौकोन भरा, पांढऱ्यावर २५०, २४५, २४०, २३५ चे. नीट लावलेल्या स्क्रीनवर १० चा चौकोन काळ्यापासून जेमतेम आणि २४५ चा पांढऱ्यापासून हलकेच वेगळा दिसायला हवा. २० सुद्धा काळ्यात बुडत असेल तर त्या स्क्रीनवर ब्लॅक पॉइंट ठरवणं म्हणजे अंधारात सुई ओवणं आहे. मान वर-खाली करूनही बघा. स्वस्त लॅपटॉपच्या पॅनेलवर डोळ्याची उंची बदलली की शॅडो बदलतात, त्यामुळे रोज त्याच उंचीला, समोर बसूनच काम करावं लागतं.

३. फाइल वाटेत बिघडली का?

एडिटिंगमध्ये चांगला असलेला फोटो पाठवल्यावर मलूल होतो, रंग उतरतात. अशा वेळी एक्स्पोर्ट करताना कोणता कलर स्पेस, म्हणजे रंगांचा आवाका, निवडला ते पाहा. अ‍ॅडोबी आरजीबी किंवा प्रोफोटोमधली फाइल, तिच्यातली प्रोफाइल (आकड्यांचे रंग कसे वाचायचे याची नोंद) न वाचणाऱ्या ठिकाणी उघडली की फिकी दिसते आणि माणूस पुन्हा कॉन्ट्रास्ट चढवत बसतो. लॅबनं वेगळं सांगितलं नसेल तर एस-आरजीबी निवडा आणि प्रोफाइल फाइलमध्ये जोडलेली ठेवा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो आकसून, दाबून जातो आणि आकाशातल्या पायऱ्या तिथंच उमटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह आणून द्या.

लॅबला विचारायचा एक प्रश्न: तुमच्याकडे ऑटो करेक्शन चालू आहे का? बऱ्याच मशीनवर ते चालू असतं. तुम्ही जाणूनबुजून गडद ठेवलेला फोटो ते उजळवतं आणि धुक्याचा फोटो ताणून खरखरीत करतं. स्वतः एडिट केलेल्या फाइलवर ‘करेक्शन नको’ असं स्पष्ट लिहून द्या.

४. लेन्सला टॉर्च लावा

ही तपासणी फक्त अशांसाठी, ज्यांचे एकाच लेन्समधून काढलेले सगळे फोटो फिके येतात आणि दुसऱ्या लेन्सचे चांगले. पुढचा फिल्टर काढा, तो पुसून बघा. मग लेन्स कॅमेऱ्यापासून वेगळी करून एका बाजूनं फोनचा टॉर्च तिरका टाका आणि दुसऱ्या बाजूनं आत डोकवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा दुधट थर दिसला तर ती बुरशी किंवा आत साठलेला धूसरपणा आहे. मुंबई, कोकण, गोवा, म्हणजे जिथं पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथं हा त्रास फार. आत विखुरलेला प्रकाश काळ्या भागांवर सांडतो आणि काळं राखाडी होतं.

ब्लॅक पॉइंट सरकवून हे थोडं झाकता येतं, पण गेलेला बारीक तपशील परत येत नाही. लेन्स स्वतः उघडू नका. हे सर्व्हिस सेंटरचं काम आहे, आणि तिथं जितक्या लवकर जाल तितकी काच वाचण्याची शक्यता जास्त. तोवर ती लेन्स बाकीच्या लेन्सच्या पेटीत ठेवू नका.

५. हिस्टोग्राम वाचा, पण त्याचा हुकूम मानू नका

हिस्टोग्राम म्हणजे कोणत्या पायरीवर किती पिक्सेल उभे आहेत याची हजेरी. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. डोंगर मधेच आटोपला आणि दोन्ही बाजूंना मैदान राहिलं, तर फोटो पूर्ण शिडी वापरत नाही. डोंगर भिंतीला चिकटून सुळक्यासारखा उभा असेल, तर त्या बाजूचा तपशील कापला गेलाय. याला आम्ही ‘उडालं’ आणि ‘बसलं’ म्हणतो. हायलाइट, म्हणजे उजळ भाग, उडतात, शॅडो बसतात.

नवीन शिकणारा इथं एक नियम पाठ करतो: काळ्या आणि पांढऱ्या टोकाचे दोन्ही स्लायडर डोंगराच्या पायथ्याला आणून ठेवा. नियम अर्धाच बरोबर आहे, आणि त्यानं बिघडलेले फोटो मी रोज बघतो.

हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या धुक्यात काढलेला एक फोटो माझ्याकडे आला होता, मी या कामात नवा असताना. हिस्टोग्राम मधोमध, दोन्हीकडे मोकळी जागा. मी नियमाप्रमाणे टोकं ताणली. कातळ काळाकुळकुळीत, धुकं चुन्यासारखं पांढरं. ज्यानं फोटो काढला होता तो प्रिंट पाहून म्हणाला, “दादा, त्या सकाळी तिथं काळं काही नव्हतंच.” त्याचं बरोबर होतं. धुक्यात काळं नसतं, निव्वळ पांढरंही नसतं. त्या फोटोची शिडी आखूडच असायला हवी होती. ती फाइल मी मूळावरून पुन्हा केली आणि तेव्हापासून स्लायडरला हात लावण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला लागलो: या फोटोत खरोखर काळी वस्तू कोणती आणि खरोखर पांढरी कोणती? वस्तूचं नाव घेता आलं तरच टोक ओढायचं. नाव सापडत नसेल तर ते टोक मोकळं सोडायचं.

६. वस्तूचं नाव घेऊन टोकं बसवा

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण निम्म्याहून जास्त फोटो याच पायरीवर सुधारतात.

वारीतला एक फोटो समोर ठेवू. दिवे घाटाची चढण, ढगाळ आभाळ, सावलीविना पसरलेला मऊ उजेड. चढणीवर दिंडी. हिस्टोग्राम सांगतो, सगळ्या छटा ४० ते २१० च्या दरम्यान आहेत. फोटो अर्थातच मलूल दिसतो. वारकऱ्यांचे पांढरे सदरे राखाडी, मृदंग मातकट.

काळं काय? मृदंगाच्या पुडीवरची शाई, म्हणजे कातड्यावरचा तो काळा गोल. तिच्याहून काळं या फोटोत काही नाही. कपाळावरचा बुक्का तिच्या खालोखाल. पांढरं काय? इथं बहुतेक जण टोपीकडे बोट दाखवतात आणि चुकतात. सर्वांत उजळ आहे टाळावरची चमक. पितळेवर आभाळ लखकन परावर्तित होतं ती. टोपी हे कापड आहे. तिला वीण आहे, घडी आहे, घामाची ओल आहे. ती टोकाला गेली की कोरा कागद होते.

म्हणून हिशोब असा:

टाळावरची चमक खुशाल २५५ ला जाऊ द्या, तिच्यात बघण्यासारखा तपशील नसतो. टोपी आणि सदऱ्याचा उजळ भाग २३५ ते २४५ मध्ये थांबवा. मृदंगाची शाई ८ ते १२ च्या आसपास आणा, म्हणजे तिचा खरखरीत पोत कागदावर टिकेल. शाईच्या कडेची एखादी भेग ० ला गेली तर चालेल.

करायचं कसं? फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये ऑल्ट दाबून पांढरा स्लायडर आत ओढा. स्क्रीन काळी होते आणि उडालेले पिक्सेल तेवढे उजळून दिसतात. टाळावर ठिपके उमटले की थांबा, टोपीवर उमटले की मागे या. तसंच ऑल्ट दाबून काळा स्लायडर ओढा. आता स्क्रीन पांढरी होते आणि बसलेले भाग गडद दिसतात. शाई दिसायला लागली की थांबा. लाइटरूममध्ये व्हाइट्स आणि ब्लॅक्स या स्लायडरना ऑल्ट दाबून हेच होतं. शिवाय तिथं ‘जे’ हे बटण दाबलं की उडालेलं लाल आणि बसलेलं निळं दिसत राहतं. लाइटरूमच्या डेव्हलप विभागात आकडे टक्क्यांत येतात. तिथं २४० म्हणजे साधारण ९४ टक्के, १० म्हणजे साधारण ४ टक्के. गिंपमध्ये लेव्हल्स ‘कलर्स’ या मेनूखाली आहेत. फोनवर स्नॅपसीडमध्ये कर्व्हची दोन टोकं आत ओढली की तोच परिणाम मिळतो, फक्त बोटानं ओढताना पाव मिलिमीटरनं टोपी उडते.

आकडा वाचताना ड्रॉपर (छटेचा आकडा दाखवणारं टूल) ५ बाय ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवा. एकटा पिक्सेल नॉइजचा, म्हणजे फोटोतल्या रवाळ ठिपक्यांचा, असू शकतो आणि तो तुमचा ब्लॅक पॉइंट ठरवून बसतो.

टोकं बसल्यावरच मधला स्लायडर. चेहरे इथं ठरतात. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली. तिच्यात काळ्या शून्यापासून पांढऱ्या दहापर्यंत ११ झोन, म्हणजे छटांचे टप्पे, आहेत. पाचवा म्हणजे १८ टक्के प्रकाश परत देणारा मध्यम करडा रंग, जो एस-आरजीबी फाइलमध्ये ११८ च्या आसपास येतो. तिसऱ्या झोनमध्ये तपशील शाबूत असलेली सावली, सातव्यात पोत दिसणारं उजळ कापड. आपली टोपी सातव्या-आठव्या झोनमधली आणि टाळावरची चमक दहाव्यातली, असं त्या भाषेत म्हणता येईल.

पण त्या पद्धतीतला चेहऱ्याचा नियम मी वापरत नाही. तिथं चेहरा सहाव्या झोनमध्ये ठेवायला शिकवतात, आणि तो नियम गोऱ्या युरोपीय त्वचेसाठी आहे. गव्हाळ चेहरा पाचव्याच्या जवळ असतो, उन्हातान्हात राबणाऱ्या वारकऱ्याचा त्याच्याही खाली. तो ओढून सहाव्यात नेला की टोपी आणि चेहरा यांतलं अंतर कमी होतं आणि फोटो पुन्हा फिका पडतो. तक्रार तीच, कारण मात्र तुम्ही स्वतः निर्माण केलेलं. लग्नाच्या अल्बममध्ये नवरी उजळ करून मागतात, तेव्हाही मी हेच दाखवतो: चेहरा उजळला की पाठोपाठ मुंडावळ्यांचे मोती आणि शालूची जर उडते. सावळा चेहरा सावळाच ठेवून डोळ्यांतली चमक आणि गालाची उजळ बाजू जपली, तर तो चेहरा कागदावर जिवंत दिसतो. यावर मी ग्राहकांशी वाद घालतो आणि घालत राहीन.

७. चॅनेल वेगवेगळे बघा

एकत्र हिस्टोग्राम ठीकठाक, तरी भगव्या पताका सपाट लाल कागदासारख्या दिसतात? तांबडा चॅनेल एकटा २५५ ला जाऊन आपटलाय. निळा आणि हिरवा खाली असल्यामुळं सरासरीत तो लपतो. हळदीचे पिवळे फोटो, लाल शालू, झेंडूची तोरणं, सगळीकडे हेच. तिन्ही चॅनेल वेगळे उघडा. एकच उडाला असेल तर आधी त्या रंगाचं सॅच्युरेशन (गडदपणा नव्हे, भडकपणा) उतरवा, मग एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, थोडं. उलट क्रमानं केलंत तर पताका वाचवण्यासाठी अख्खा फोटो काळवंडतो.

‘ऑटो’नं रंग बदलण्याचं कारणही इथंच सापडतं. लेव्हल्सचं ऑटो प्रत्येक चॅनेल वेगळा ताणत असेल, तर तिन्हींची टोकं जुळतात आणि जो रंग त्या वेळेचा होता तो पुसला जातो. केशरी पहाटेत निळा चॅनेल कमीच असतो, तीच तर पहाट. ऑटोच्या पर्यायांत तिन्ही चॅनेल एकत्र ताणण्याचा पर्याय आहे, तो निवडा. शिवाय ऑटो दोन्ही टोकांचे थोडे पिक्सेल कापून टाकतं. ०.१ टक्का म्हटलं तरी २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ते २४ हजार पिक्सेल होतात. ते टाळावर आहेत की टोपीवर, हे त्याला कळत नाही.

८. पायऱ्या पडल्या असतील तर मुळाकडे जा

मघाच्या वारीच्या फोटोचा हिशोब करा. ४० ते २१० म्हणजे १७१ पायऱ्या. त्या ० ते २५५ वर ताणल्या की २५६ पैकी ८५ जागा रिकाम्या राहतात आणि हिस्टोग्राम कंगव्यासारखा दिसतो. गर्दीच्या फोटोत हे खपून जातं. मोकळ्या आभाळात मात्र पट्टे उमटतात. त्याच जेपेगवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लेव्हल्स लावल्या की आणखी.

उपाय एकच: रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्यानं जेपेग बनवण्यापूर्वीच्या मूळ नोंदीवर, काम करा, आणि फोटोशॉपमध्ये १६ बिट ठेवा. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, ताणायला भरपूर. पण त्या सारख्या वाटलेल्या नसतात. उजेड निम्मा होतो तो एक स्टॉप. सर्वांत उजळ स्टॉपमध्ये त्यातल्या ८,१९२, पुढच्यात ४,०९६, असं निम्मं निम्मं होत सहाव्या स्टॉपला २५६ उरतात. म्हणून गडद निघालेला फोटो वर ओढला की शॅडोत रवाळ नॉइज आणि पट्टे येतात, आणि हायलाइट न उडवता थोडा उजळच काढलेला फोटो खाली आणला की मऊ राहतो. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो. तो ‘उडालं’ म्हणाला तरी रॉमध्ये अनेकदा थोडी जागा शिल्लक असते. आधी हायलाइट्सचा स्लायडर खाली आणून खात्री करा, मग नाराज व्हा.

९. कागदाची शिडी मोजा

स्क्रीन बरोबर, फाइल बरोबर, तरी प्रिंटमध्ये घोंगडीचा डाग होतोय. आता खर्चाची, पण थोड्याच खर्चाची तपासणी.

कागदाचं काळं स्क्रीनच्या काळ्याएवढं गडद नसतं. चांगल्या चकचकीत फोटो-पेपरची सर्वाधिक घनता (काळेपणाचं माप) २ च्या आसपास धरली, तर त्याचं काळं पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्सा परत देतं. मॅटवर १.५ धरली तर जवळपास बत्तिसावा. म्हणजे मॅटची शिडी बरीच आखूड आहे, आणि स्क्रीनवर ५ आणि १५ मध्ये दिसणारा फरक तिथं दिसेलच असं नाही.

त्यासाठी एक पट्टी बनवा. एका ओळीत ०, ४, ८, १२, १६, २०, २४, २८ आणि दुसरीत २५५, २५२, २४९, २४६, २४३, २४० असे चौकोन, खाली आकडे लिहून. ज्या कागदावर अल्बम छापायचा त्याच कागदावर ४ बाय ६ ची प्रिंट काढा, करेक्शन बंद ठेवून. खिडकीपाशी बघा, काळ्यातून पहिल्यांदा वेगळा निघालेला चौकोन कोणता? मॅटवर १६ निघाला, तर तुमच्या मृदंगाची शाई १० वर ठेवून उपयोग नाही, ती १६ च्या वर हवी. पांढऱ्याकडूनही तसंच. मी प्रत्येक नव्या कागदासाठी ही पट्टी काढून टेबलाजवळ चिकटवतो. १२ बाय ३६ च्या शीट वाया घालवण्यापेक्षा ४ बाय ६ ची एक प्रिंट कितीतरी स्वस्त.

लॅबनं कागदाची आयसीसी प्रोफाइल (तो कागद आणि मशीन रंग कसे छापतात याची फाइल) दिली असेल तर सॉफ्ट प्रूफ करा, म्हणजे प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच बघा, आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर खूण ठेवा. ते फाइलमधलं काळं कागदाच्या काळ्यावर बसवतं आणि वरच्या छटा त्या प्रमाणात सरकवतं. रंग बदलण्याच्या पद्धतींतली रिलेटिव्ह कलरिमेट्रिक निवडून ते बंद ठेवलं, तर कागदाच्या आवाक्याबाहेरच्या सगळ्या गडद छटा एकाच काळ्यात जाऊन पडतात. एक सावधगिरी: प्रोफाइल हे काम करत असेल तर आउटपुट लेव्हल्स हातानं पुन्हा उचलू नका. दोनदा दुरुस्ती झाली की प्रिंट धुतल्यासारखी येते. मघाच्या पट्टीची चाचणीही मग त्याच मार्गानं, प्रोफाइल लावूनच करा. प्रूफमध्ये कागदाचा रंग दाखवायचा पर्याय चालू केला की फोटो एकदम मलूल दिसेल. घाबरून कॉन्ट्रास्ट चढवू नका, दोन मिनिटं बाकीच्या पांढऱ्या खिडक्या बंद करून बघत राहा.

१०. मॉनिटर कॅलिब्रेट करा

महिन्याला दोन-चार अल्बम करत असाल तर कॅलिब्रेशनचं यंत्र घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून भाड्यानं आणा. पांढरा रंग ६५०० केल्विनच्या जवळ, गामा (मधल्या छटांचा उतार) २.२, ब्राइटनेस १०० कॅन्डेलाच्या आसपास. दर एक-दोन महिन्यांनी पुन्हा करा, मॉनिटरचा दिवा वयानुसार उतरत जातो.

इथं थांबा

काही ठिकाणी स्लायडर ओढत बसण्यात रात्र जाते आणि हाती काही लागत नाही.

रॉमध्ये तिन्ही चॅनेल उडालेले असतील तर तिथं काहीच नोंदलेलं नाही. हायलाइट्स खाली ओढून पांढऱ्याचा फक्त राखाडी डाग होतो. त्याच क्षणाचा दुसरा फोटो शोधा. मुलीच्या अक्षता पडतानाचा तो एकमेव फोटो असेल तर रिटचिंग करणाऱ्याकडे द्या, आणि तो जे काढेल ते हातानं रंगवलेलं असेल हे घरच्यांना आधी सांगा.

पुस्तक, मासिक, वर्तमानपत्रासाठी फाइल द्यायची असेल तर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांमधलं, रूपांतर स्वतः करू नका. वर्तमानपत्राच्या कागदावर चारही शाया मिळून साधारण २४० टक्क्यांच्या वर गेल्या की शाई वाळत नाही, मागच्या पानावर उमटते. आर्ट पेपरवर ही मर्यादा ३०० च्या पुढे जाते. आरजीबी फाइल प्रीप्रेसवाल्याला, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करणाऱ्याला, द्या आणि ब्लॅक पॉइंट त्याच्या प्रेसप्रमाणे त्यालाच बसवू द्या.

कॅलिब्रेट करूनही मॉनिटरच्या एका कोपऱ्यात काळं राखाडी दिसत असेल, तर तो पॅनेलचा दोष आहे. तो सेटिंगनं जात नाही, दुरुस्तीवाल्याला दाखवा. बुरशी लागलेल्या लेन्सबद्दल वर सांगितलंच आहे.

आणि हे सगळं करूनही प्रिंट बिघडतच असेल तर लॅबमध्ये जाऊन ऑपरेटरला भेटा. सोबत चार गोष्टी न्या: मूळ रॉ, एडिट केलेली फाइल, बिघडलेली प्रिंट आणि चौकोनांच्या पट्टीची ४ बाय ६. पट्टीवर १६ चा चौकोन आधी निघत होता आणि आता २४ पर्यंत सगळं काळं झालंय, असं दाखवलंत तर तो फाइलकडे बघतही नाही, सरळ मशीनचं कॅलिब्रेशन तपासायला घेतो.